पानाचा पत्ता स्क्रिप्टनं वाचायचा आणि बदलायचा कसा: काकूंच्या फराळाच्या पानावरून

मागच्या दिवाळीआधी आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या काकूंना मी फराळाच्या ऑर्डरींसाठी एक साधं पान बनवून दिलं. वर चकली, अनारसे, करंजी, चिवडा, शंकरपाळे अशी बटणं, बटण दाबलं की त्या पदार्थाचा फोटो आणि भाव, खाली फॉर्म. मी खूश. दोन दिवसांनी काकूंचा फोन, "अरे, तिलक नगरच्या वहिनींना मी अनारशाची लिंक पाठवली तर त्यांच्याकडे चकलीच उघडते, त्या विचारून राहिल्यात अनारसे संपले का." मी म्हणलं काकू, त्यांना वरचं अनारशाचं बटण दाबायला सांगा ना. "मग मी लिंक कशाला पाठवू, फोनच करते की!"

बरोबरच होतं त्यांचं. माझ्या पानावर काहीही दाबा, वरच्या पट्टीतला पत्ता जसाच्या तसा, म्हणजे काकू बघत होत्या अनारसे आणि पाठवत होत्या नुसतं पान. पत्त्यात जे नाही ते समोरच्याला दिसणारच नाही, इतकी साधी गोष्ट, आणि मी कोड लिहिणारा असून ती मला काकूंनी दाखवली. मग बसून पत्ता वाचणं-बदलणं नीट शिकलो, बडोद्याला शिकणाऱ्या भाचीला फोनवरून तेच शिकवलं, आणि आता त्याच क्रमानं इथे लिहून काढतोय.

कोडबद्दल आधीच सांगतो. भाचीला बोलून सांगितला तसाच कोड इथे देवनागरीत आहे. जावास्क्रिप्टचे स्वतःचे शब्द, म्हणजे लोकेशन, कॉन्स्ट, न्यू वगैरे, तुम्ही टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच करायचे, जिथे स्पेलिंग अडेल तिथे अक्षरं सांगतो. आपण ठेवलेली नावं मात्र, जसं पत्ता किंवा दाखव, ती खरंच देवनागरीत टाइप केली तरी जावास्क्रिप्ट कुरकुर करत नाही, मला हे कळलं तेव्हा गंमतच वाटली होती. फक्त पानाच्या हेडमध्ये मेटा चारसेट यूटीएफ-8 ची ओळ पाहिजे, नाहीतर अक्षरांच्या जागी किडेमुंग्या दिसतील.

आधी तयारी

एचटीएमएलची फाइल डबल क्लिक करून उघडू नका. उघडते, पण मग पत्ता फाइल:/// नं सुरू होतो, त्यात होस्टच, म्हणजे साइटचं नावच, नसतो, आणि पुढे आपण पत्ता बदलायला गेलो की ब्राउझर कुठे हो म्हणतो कुठे नाही, आणि नव्या माणसाला वाटतं आपलंच चुकलं. त्यापेक्षा घरातल्या घरात छोटा सर्व्हर चालवा. पायथन टाकलेलं असेल तर फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून

पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर

एवढं लिहायचं (मॅकवर पायथन3), की लोकलहोस्ट:8000 वर पान हजर. व्हीएस कोड वापरत असाल तर त्यातलं लाइव्ह सर्व्हर एक्सटेन्शन घ्या, ते बहुतेक 5500 पोर्टवर उघडतं. दोन्ही चालतं.

मग पानावर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, कन्सोल. इथे एकेक ओळ टाकून बघायचंय. क्रोममध्ये पहिल्यांदा काही पेस्ट केलंत तर तो अडवतो आणि अलाऊ पेस्टिंग असं हातानं टाइप करायला लावतो, त्याला कारण आहे, लोकांना फसवून नको तो कोड चिकटवायला लावणारे पुष्कळ आहेत. तुम्ही हातानंच टाइप करा, बोटांना सवय होते.

पत्ता फोडून बघा

समजा वरच्या पट्टीत हा पत्ता आहे:

एचटीटीपी://लोकलहोस्ट:8000/फराळ.एचटीएमएल?आयटम=चकली&किलो=2#ऑर्डर

(सगळं इंग्रजी अक्षरांत, फक्त चकली तेवढी खरोखर देवनागरीत. त्याचं का ते पुढे येतं.)

कन्सोलमध्ये लोकेशन.एचरेफ लिहून एंटर मारा. एच-आर-ई-एफ. पूर्ण पत्ता मिळेल. विंडो.लोकेशन लिहिलं काय, डॉक्युमेंट.लोकेशन लिहिलं काय किंवा नुसतं लोकेशन, वस्तू एकच आहे, तेव्हा कुणाच्या कोडात वेगळं दिसलं तर घाबरू नका. आता तुकडे:

लोकेशन.प्रोटोकॉल → 'एचटीटीपी:'
लोकेशन.होस्ट → 'लोकलहोस्ट:8000'
लोकेशन.होस्टनेम → 'लोकलहोस्ट'
लोकेशन.पोर्ट → '8000'
लोकेशन.पाथनेम → '/फराळ.एचटीएमएल'
लोकेशन.सर्च → '?आयटम=…&किलो=2'
लोकेशन.हॅश → '#ऑर्डर'
लोकेशन.ओरिजिन → 'एचटीटीपी://लोकलहोस्ट:8000'

ह्यात नवी माणसं नेमकी कुठे ठेचकाळतात ते सांगतो. प्रोटोकॉलच्या शेवटी ते दोन टिंब असतंच, म्हणून इफमध्ये 'एचटीटीपीएस' शी तुलना केली तर कधीच जुळत नाही, 'एचटीटीपीएस:' शी करायची. सर्चमध्ये प्रश्नचिन्ह आणि हॅशमध्ये हॅशचं चिन्ह धरूनच येतं, पण पत्त्यात ते नसेलच तर रिकामी स्ट्रिंग (अक्षरांचा तुकडा, पण आत काही नसलेला) येते, नल, म्हणजे 'काहीच नाही', असं नाही. पोर्ट ही स्ट्रिंग आहे, आकडा नाही, आणि खऱ्या साइटवर ती बहुतेक रिकामीच दिसेल कारण एचटीटीपीचा नेहमीचा 80 आणि एचटीटीपीएसचा 443 पत्त्यात लिहीतच नाहीत. ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, होस्टनेम आणि पोर्ट मिळून, तो फक्त वाचता येतो, बदलता येत नाही.

एचटीटीपी:// मधल्या त्या दोन तिरक्या रेघांचं भाचीनं विचारलं होतं, त्या कशाला? वेबचा शोध लावणारे टिम बर्नर्स-ली ह्यांनीच 2009 साली कबूल केलं की त्या नसत्या तरी चाललं असतं. आता काय उपयोग म्हणा, 1994 च्या डिसेंबरात पत्त्याचे नियम आरएफसी 1738 म्हणून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे कागद) कागदावर आले तेव्हापासून सगळं जग त्या रेघा टाइप करून राहिलंय.

आता हॅश. हा तुकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, तो सर्व्हरकडे जातच नाही. राजवाड्याहून रिक्षा केलीत तर रिक्षावाल्याला बिल्डिंगचं नाव सांगता, तिसरा मजला सांगता का? तो आपला आपण चढायचा. हॅश म्हणजे तो मजला, पान आल्यावर ब्राउझर स्वतः बघतो आणि त्या आयडीच्या जागी नेऊन उभं करतो. म्हणून सर्व्हरवर कितीही शोधलंत तरी हॅश सापडणार नाही, तिथे तो पोचलेलाच नसतो.

प्रश्नचिन्हापुढचं वाचा

जुन्या कोडांत लोक लोकेशन.सर्च घेऊन ते & वर तोडतात, मग = वर तोडतात, मग डीकोड करतात. करू नका. त्यासाठी यूआरएलसर्चपॅरम्स नावाची तयार वस्तू आहे. यू, आर, एल तिन्ही कॅपिटल, सर्चचा एस कॅपिटल, पॅरम्सचा पी कॅपिटल, मध्ये जागा नाही.

कॉन्स्ट प्रश्न = न्यू यूआरएलसर्चपॅरम्स(लोकेशन.सर्च);
प्रश्न.गेट('आयटम') → 'चकली'
प्रश्न.गेट('किलो') → '2'
प्रश्न.गेट('गाव') → नल
प्रश्न.हॅज('किलो') → ट्रू

सुरुवातीचं प्रश्नचिन्ह ते स्वतःच काढून टाकतं. एकच नाव दोनदा आलं, जसं आयटम=चकली&आयटम=करंजी, तर गेट पहिलंच देतं, सगळी हवी असतील तर गेटऑल, तेव्हा ॲरे, म्हणजे यादी, मिळते.

आता माझी फजिती ऐका. पानावर किलो वाढवायचं एक अधिकचं बटण होतं, त्यात मी लिहिलं होतं गेट('किलो') + 1. गेट नेहमी स्ट्रिंग देतं. '2' ला 1 जोडला की 3 होत नाही, '21' होतं. तिलक नगरच्या त्याच वहिनींनी दोन किलो चकलीवर एकदा अधिक दाबलं आणि काकूंकडे ऑर्डर गेली एकवीस किलोची. काकूंनी भाजणी दळायला टाकायच्या आत फोन केला म्हणून वाचलो. पुन्हा दाबलं असतं तर 211 झाले असते. तेव्हा

कॉन्स्ट किलो = नंबर(प्रश्न.गेट('किलो'));

असं आधी आकड्यात आणा, आणि आणल्यावरही विश्वास ठेवू नका. कारण किलो पत्त्यात नसेलच तर गेट देतं नल आणि नंबर(नल) होतो 0, कुणी 'दोन' असं अक्षरांत लिहिलं तर होतो नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही', आणि कुणी -5 लिहिलं तर तो आकडा म्हणून अगदी बरोबर. पत्ता कुणीही हातानं बदलू शकतं हे डोक्यात ठेवून 1 ते 10 च्या बाहेरचं काही आलं तर सरळ 1 धरायचं, असं मी केलं.

अजून एक, अधिकचं चिन्ह. पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढे + असेल तर ही वस्तू त्याची रिकामी जागा करते. म्हणजे कुणी 'गोड+तिखट' लिहिलं तर हातात येतं 'गोड तिखट'. जुन्या फॉर्मांच्या काळापासूनची रीत आहे ती. खरंच अधिक पाहिजे असेल तर पत्त्यात %2बी लिहावं लागतं, पण तुम्ही पत्ता हातानं न जोडता पुढे सांगतो तसा बनवलात तर ती काळजी आपली नाही.

देवनागरी पत्त्यात गेली की काय होतं

ज्यांचं गिऱ्हाईक मराठी-हिंदी बोलणारं आहे त्यांना हा भाग लागणारच, म्हणून जरा थांबून सांगतो.

पट्टीत आयटम=चकली असं छान दिसतं. तोच पत्ता क्रोममधून कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाका. चकलीच्या जागी %ई0%ए4%9ए आणि पुढे अशीच लांबण. काकू म्हणाल्या, "हे काय व्हायरस-बियरस आलंय का, बायका दाबायला घाबरतात." व्हायरस नाही, पत्त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं एवढंच चालतं, बाकी सगळं आधी यूटीएफ-8 च्या बाइटांत बदलून प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हापुढे दोन अक्षरांत लिहितात. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात, मात्रासुद्धा वेगळी मोजायची, म्हणजे एकेकाला नऊ अक्षरं. चकली म्हणजे च, क, ल आणि दीर्घ ई ची मात्रा, चार, म्हणजे 36 अक्षरं. शंकरपाळे 72 वर जातात. पट्टीत ब्राउझर आपल्या डोळ्यांसाठी ते उलगडून दाखवतो, आतून पत्ता तोच लांबलचक असतो, आणि लोकेशन.सर्चही तुम्हाला ती लांबणच देतं. गेट मात्र उलगडून 'चकली' देतं, म्हणून वर मी तोडातोडी करू नका म्हणलं.

डोमेनचं वेगळंच. डॉट भारत हे देवनागरी डोमेन 2014 पासून मिळतं, पण अशा साइटवर लोकेशन.होस्टनेम वाचलंत तर देवनागरी येत नाही, एक्सएन-- नं सुरू होणारं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं येतं. त्याला प्युनीकोड म्हणतात. तुलना करायची असेल तर त्या कडबोळ्याशी करायची.

हातानं पत्ता जोडायची वेळ आलीच तर एन्कोडयूआरआयकंपोनंट वापरा, एन्कोडयूआरआय नाही. नावं सारखी आहेत पण दुसरं &, =, ?, # ह्यांना हात लावत नाही, पहिलं लावतं. आमच्याकडे एक आयटम होता 'शेव & चिवडा', तो तसाच जोडला तर ब्राउझर समजला की आयटम आहे 'शेव ' आणि पुढे चिवडा नावाचं काहीतरी वेगळंच, रिकामं. लोकांना नुसती शेवच दिसत होती. इंदूरला शेव एकटी विकली जातेच म्हणून दोन दिवस कुणाला संशयही आला नाही!

शेवटी मी काय केलं, पत्त्यात पदार्थांची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवली, पानावर दाखवायला देवनागरी. ह्यापुढे कोडमधली चकली, अनारसे ही इंग्रजी स्पेलिंगमधलीच समजा. देवनागरी ठेवली तरी तांत्रिकदृष्ट्या काही बिघडत नाही, हा निव्वळ व्हॉट्सॲपवरच्या बायकांच्या भीतीचा इलाज.

पत्ता बदला, पान नवं येऊ द्या

हे सगळ्यात सोपं:

लोकेशन.एचरेफ = '/धन्यवाद.एचटीएमएल';

झालं, ब्राउझर तिकडे गेला. लोकेशन.असाइन(…) हेच काम करतं. लोकेशन.रिप्लेस(…) सुद्धा नेतं, फक्त आत्ताचं पान मागे ठेवत नाही, बॅक दाबलं तर त्याच्या आधीच्या पानावर जातो. आणि लोकेशन.रीलोड() म्हणजे रिफ्रेश.

असाइन की रिप्लेस? जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर पाठवत असाल तर रिप्लेसच घ्या. असाइन घेतलंत तर माणूस बॅक दाबतो, जुन्या पानावर जातो, ते पान त्याला पुन्हा पुढे ढकलतं, परत बॅक, परत ढकल, एकदम बैलघाणी. गिऱ्हाईक टॅबच बंद करतं मग.

दुसरा खड्डा, ह्यात मी बघितलेला जवळजवळ प्रत्येक नवा माणूस पडतो. बाहेरच्या साइटवर न्यायला लोक लिहितात लोकेशन.एचरेफ = 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.अमुक.कॉम'. पुढे एचटीटीपीएस:// नसलं की ब्राउझर त्याला बाहेरची साइट समजतच नाही, आपल्याच फोल्डरातली त्या नावाची फाइल समजतो आणि शोधायला जातो, मग 404, म्हणजे 'पान सापडलं नाही'. अख्खा पत्ता लिहा.

तुकड्यालाही सरळ किंमत देता येते, लोकेशन.सर्च = '?आयटम=करंजी' केलं की बाकी पत्ता तसाच राहून प्रश्नचिन्हापुढचं बदलतं आणि पान नव्यानं येतं. नव्यानं येतं हे लक्षात ठेवा. मी ही ओळ पानाच्या सुरुवातीलाच, कुठलीही अट न घालता, लिहून ठेवली होती. पान आलं, पत्ता बदलला, म्हणून पान पुन्हा आलं, पुन्हा बदलला… लॅपटॉपचा पंखा फटफटीसारखा वाजायला लागला तेव्हा कळलं. अशी ओळ नेहमी अटीत ठेवा, आयटम नसेल तरच.

पान न हलवता पत्ता बदला

काकूंचं खरं दुखणं इथे बरं होतं. बटण दाबलं, अनारसे दिसले, पान काही नव्यानं आलं नाही, तरी वरचा पत्ता बदलला पाहिजे.

हॅश बदलून हे होतं, लोकेशन.हॅश = 'अनारसे' केलं तर पान रीलोड होत नाही, बॅक बटणही चालतं, आणि हॅशचेंज नावाची इव्हेंट (काहीतरी घडल्याची ब्राउझरनं दिलेली खबर) मिळते. पूर्वी ह्याच युक्तीवर मोठमोठ्या साइट चालायच्या, 2010 साली ट्विटरचे पत्ते #! असे दिसायचे, नंतर 2012 च्या सुमारास त्यांनी ते सोडलं. छोट्या कामाला हॅश आजही चांगला. पण आमच्याकडे आयटम आणि किलो दोन्ही पाहिजे होतं आणि हॅश आधीच ऑर्डरच्या फॉर्मवर उडी मारायला वापरला होता, म्हणून हिस्टरी.

हिस्टरी.पुशस्टेट, एस कॅपिटल. तीन गोष्टी देतात: पहिली, सोबत ठेवायची माहिती, दुसरी रिकामी स्ट्रिंग (ही पूर्वी शीर्षकासाठी होती, आता तिचा काही उपयोग नाही पण जागा रिकामी सोडता येत नाही), तिसरी नवा पत्ता. पूर्ण तुकडा असा:

कॉन्स्ट यादी = ['चकली', 'अनारसे', 'करंजी', 'चिवडा', 'शंकरपाळे'];

फंक्शन दाखव() {
  कॉन्स्ट प्रश्न = न्यू यूआरएलसर्चपॅरम्स(लोकेशन.सर्च);
  लेट नाव = प्रश्न.गेट('आयटम');
  इफ (!यादी.इन्क्लूड्स(नाव)) नाव = 'चकली';
  डॉक्युमेंट.गेटएलिमेंटबायआयडी('मथळा').टेक्स्टकंटेंट = नाव;
}

फंक्शन निवड(नाव) {
  कॉन्स्ट पत्ता = न्यू यूआरएल(लोकेशन.एचरेफ);
  पत्ता.सर्चपॅरम्स.सेट('आयटम', नाव);
  हिस्टरी.पुशस्टेट({}, '', पत्ता);
  दाखव();
}

विंडो.ॲडइव्हेंटलिसनर('पॉपस्टेट', दाखव);
दाखव();

बटणाच्या क्लिकवर निवड('अनारसे') बोलवायचं. आता हे वरून खाली नुसतं उतरवू नका, काय चाललंय ते बघा.

दाखव हे फंक्शन कुणाला विचारत नाही की कुठलं बटण दाबलं, ते फक्त पत्ता वाचतं. माझी पहिली चूक हीच होती, बटण दाबलं की एकीकडे चित्र बदलत होतो आणि दुसरीकडे पत्ता, दोन्हीकडे वेगळा हिशोब, आणि मग लिंकवरून आलेल्याला काहीतरी तिसरंच दिसायचं. एकदा ठरवलं की पत्ता हीच खातेवही, पान तिच्याकडे बघूनच रंगेल, की निम्मे बग आपोआप गेले. म्हणूनच दाखव तीन ठिकाणी बोलवलंय: पान उघडलं की एकदा, बटणानं पत्ता बदलला की एकदा, आणि माणसानं बॅक किंवा फॉरवर्ड दाबलं की एकदा. तिसऱ्यासाठी ती पॉपस्टेट. ही इव्हेंट तुम्ही स्वतः पुशस्टेट केलं तर येत नाही, मागे-पुढे गेलं किंवा हॅश बदलला तरच येते, म्हणून निवडमध्ये दाखव आपणच बोलवावं लागतं. भाचीनं ती ओळ गाळली आणि अर्धा तास मला म्हणत होती, मामा पत्ता बदलतोय पण चकली हलत नाही.

न्यू यूआरएल घेऊन सेट का केलं, सरळ '?आयटम=' जोडून का नाही? कारण पत्त्यात किलो=2 आधीच असेल तर ते उडालं नाही पाहिजे. सेट फक्त आयटमला हात लावतं, एन्कोडिंगही तेच बघतं. काढून टाकायचं असेल तर डिलीट. न्यू यूआरएलला अर्धवट काही दिलंत तर मात्र ते टाइपएरर फेकतं, बाहेरून आलेल्या पत्त्यावर वापरताना ट्राय-कॅच घाला.

किलोच्या बटणाला मी पुशस्टेट नाही, रिप्लेसस्टेट लावलं. फरक तोच, असाइन-रिप्लेससारखा. किलो 1 वरून 5 वर नेले आणि प्रत्येक वेळी पुश केलं तर बॅक दाबणाऱ्याला 4, 3, 2, 1 असं उतरत जावं लागेल. मी असा नियम केलाय की गिऱ्हाईकाला ज्या जागी परत यावंसं वाटेल तिथे पुश, बाकी सगळीकडे रिप्लेस. शोधायच्या डब्यात प्रत्येक अक्षराला पत्ता बदलायचा असेल तर रिप्लेसच, आणि तोही थोडं थांबून, कारण फार पटापट बोलावलं तर सफारीसारखे ब्राउझर एरर देतात.

दोन मर्यादा. पुशस्टेटनं दुसऱ्या साइटचा पत्ता लावता येत नाही, ओरिजिन तोच पाहिजे, नाहीतर सिक्युरिटीएरर. ते बरंच आहे, नाहीतर कुणीही आपल्या पानावर बँकेचा पत्ता लावून बसलं असतं. आणि दुसरी, पत्ता सुंदर दिसावा म्हणून मी आधी '/अनारसे' असा पाथच पुश केला होता. दिसला सुंदर, चालला पण, जोवर कुणी रिफ्रेश केलं नाही तोवर. रिफ्रेश केलं की ब्राउझर सर्व्हरकडे खरंच त्या पाथवर जातो, तिथे फाइलच नाही, 404. असे पाथ पाहिजे असतील तर सर्व्हरला सांगावं लागतं की काहीही मागितलं तरी हेच पान दे. साध्या फुकटच्या होस्टिंगवर ते कुठे जमतं कुठे नाही, तेव्हा नव्या माणसानं प्रश्नचिन्हावर भागवावं.

पत्त्यात काय घालू नये

फोन नंबर, घरचा पत्ता, पासवर्ड. फॉर्ममधलं नाव-नंबर पत्त्यात ठेवलं तर ते ब्राउझरच्या हिस्टरीत राहतं, सर्व्हरच्या लॉगमध्ये उतरतं, आणि कुणी ती लिंक पुढे ढकलली की तिच्यासोबत जातं. आपल्या पानावरून बाहेरच्या लिंकवर गेलेल्याचा मागचा पत्ताही त्या साइटला कळू शकतो, रेफरर हेडरमधून. आजचे ब्राउझर दुसऱ्या साइटला बहुतेक नुसता ओरिजिनच पाठवतात, तरी भरवसा कशाला. (ह्या हेडरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक आर कमी आहे, सुरुवातीला कुणीतरी चुकलं आणि ती चूक नियमातच बसली. आपल्या टायपो तरी दुरुस्त होतात.)

पत्त्यातून आलेलं काहीही पानावर टाकताना टेक्स्टकंटेंटच, इनरएचटीएमएल नाही. इनरएचटीएमएलनं टाकलंत तर कुणीतरी लिंकमध्ये आयटमच्या जागी स्क्रिप्ट घुसवून ती तुमच्या पानावर चालवू शकतं. तसंच 'परत=' सारखा पॅरामीटर वाचून सरळ लोकेशन.एचरेफला देऊ नका, त्यात जावास्क्रिप्ट: नं सुरू होणारं काही असेल तर ते चालेल, दुसऱ्याची साइट असेल तर गिऱ्हाईक तिकडे जाईल आणि नाव काकूंचं. आधी न्यू यूआरएल(परत, लोकेशन.ओरिजिन) करा, त्याचा ओरिजिन आपल्याच ओरिजिनशी जुळतो का बघा, जुळला तरच जा.

चालतंय का ते असं तपासा

अनारसे निवडा, पत्ता कॉपी करा, इन्कॉग्निटो खिडकीत टाका, अनारसेच यायला पाहिजेत. मग करंजी, मग चिवडा, मग दोनदा बॅक, परत अनारसे. तिथे रिफ्रेश, अनारसे जागेवर. मग पट्टीत हातानं आयटम=लाडू लिहा, पान फुटायला नको, चकली दिसायला पाहिजे. किलो=हजार लिहा. आयटम पूर्ण काढून टाका. हे सगळं फोनवरही करा, कारण काकूंचं गिऱ्हाईक लॅपटॉपवर नाहीच.

काकूंनी पुन्हा तिलक नगरला लिंक पाठवली तेव्हा अनारसेच उघडले, वहिनींनी तीन किलो सांगितले, आणि काकूंचा लगेच नवीन हुकूम: निम्मं गिऱ्हाईक हिंदीवालं आहे, त्यांना पाठवली की पान हिंदीत उघडलं पाहिजे आणि आपल्या लोकांना मराठीत. तेव्हा तुमच्यासाठी घरचा अभ्यास तोच. भाषा नावाचा एक पॅरामीटर, किंमत हिंदी किंवा मराठी, काहीच नसेल तर मराठी, आणि भाषा बदलायच्या बटणाला पुश की रिप्लेस ते तुम्ही ठरवा. मी रिप्लेस केलंय.